भाचीची वही आणि कपाटातला टीव्ही

मागच्या आठवड्यात भाचीचा फोन आला. ती डी.एल.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. (जुन्या मंडळींसाठी: तेच आपलं डी.एड., नाव बदललंय.) म्हणाली, "मामा, कॉलेजात निबंध द्यायचाय. भावी शिक्षक म्हणून वर्गात तंत्रज्ञान कसं वापराल. तुम्ही पेपरवाले, दोन-चार मुद्दे सांगा की."

मी लगेच सुरू झालो. एकविसावं शतक, जग जवळ आलंय, खडू-फळ्याचा जमाना गेला, शाप की वरदान वगैरे. तिनं मधेच थांबवलं. "हे सगळं चॅटजीपीटीनं दिलंय मला. तुमचं सांगा."

वीस वर्षं बातमीदारी केली, पण असं तोंडावर कुणी बोललं नव्हतं. मग म्हटलं, रविवारी ये तिसगावला, बसून बोलू. ती आली, सोबत एक दोनशे पानी वही घेऊन. दोन अडीच तास आम्ही ओट्यावर बसलो. ही पोस्ट त्या बोलण्याची आहे. लांब झालीय, सवडीनं वाचा.

आधी ते चॅटजीपीटीचं. तिच्या वर्गातली निम्मी पोरं-पोरी पाठाचं टाचण त्यातूनच काढतात म्हणे. परिसर अभ्यासाच्या एका पाठाला मशीननं उपक्रम सुचवला होता: 'विद्यार्थ्यांना जवळच्या मॉलमध्ये नेऊन वस्तूंचे वर्गीकरण करण्यास सांगावे.' तिच्या मैत्रिणीनं तो तसाच्या तसा उतरवला, आणि तपासणाऱ्यांनी त्यावर सही केली. आपल्या तालुक्यातल्या वस्तीवरच्या पोरांना मॉल दाखवायचा म्हणजे आधी करंजी घाट उतरून नगरला न्यावं लागेल. आम्ही दोघं खूप हसलो. पण न वाचता लिहिणं आणि न वाचता सही करणं ही काय मशीनची चूक नाही. ते आपल्याकडे मशीन यायच्या आधीपासून चालू आहे.

तिनं विचारलं, "मामा, तुमच्या वेळी काय होतं शाळेत?"

आमच्या वेळी टीव्ही होता. शाळेचं नाव सांगत नाही, गुरुजी आता नाहीत. टीव्ही आला त्या दिवशी नारळ फोडला, सरपंच आले, आम्हाला पेढा मिळाला. मग तो टीव्ही ऑफिसातल्या लाकडी कपाटात गेला. कपाटाला कुलूप, वर भरतकाम केलेला रुमाल. पुण्याच्या बालचित्रवाणीचे कार्यक्रम दूरदर्शनवर लागायचे, ते आम्ही बघावेत म्हणून तो टीव्ही दिलेला होता. चार वर्षांत मी तो दोनदा चालू असलेला पाहिला, त्यातही एकदा क्रिकेटची मॅच होती. गुरुजी वाईट नव्हते हो. टीव्ही बिघडला तर दुरुस्तीचे पैसे कोण देणार, चोरीला गेला तर कोणाच्या पगारातून कापणार, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. मग त्यांनी कुलूप लावलं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही लावलं असतं.

त्या बालचित्रवाणीचं पुढे काय झालं तेही सांगितलं पाहिजे. २७ जानेवारी १९८४ ला पुण्यात ही संस्था सुरू झाली. मराठी मुलांसाठी हजारो कार्यक्रम तिथं तयार झाले. केंद्राचा पैसा थांबला, कर्मचाऱ्यांचे पगार रखडले आणि २०१७ मध्ये सरकारनं ती बंद केली. त्यानंतर तीन वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, कोरोनानं शाळांना कुलपं लागली. गावोगावची पोरं घरात बसली आणि सगळ्यांना एकदम आठवलं की अरे, टीव्हीवरून शिकवता येतं की! जुलैमध्ये सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झाली. मालिका चांगली होती, माझी धाकटी बघायची. पण तेहतीस वर्षं उभं केलेलं मोडायचं आणि तीन वर्षांनी गरज पडल्यावर नव्यानं मांडायचं, ही आपली रीत.

भाची म्हणाली, "म्हणजे तुमचं मत तंत्रज्ञान नको असं आहे का?"

नाही. उलट मी जरा जास्तच भाळणारा माणूस आहे. २००७ साली रायगडच्या कर्जत तालुक्यातल्या खैरात या छोट्या वस्तीवरच्या शाळेत पोरांना हिरवे-पांढरे लॅपटॉप वाटले होते, 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या जागतिक मोहिमेतले. हिंदुस्थानातला तो पहिला प्रयोग. त्याचे फोटो बघून मी हरखून गेलो होतो, आपल्या गर्भगिरीच्या डोंगरातल्या पोरांना असं कधी मिळेल म्हणून. पुढे कळलं की त्याच मोहिमेत पेरू देशानं आठ लाखांहून जास्त लॅपटॉप घेतले, आणि २०१२ मध्ये त्याचा अभ्यास झाला तेव्हा पोरांच्या गणितात आणि भाषेत फरक पडल्याचं काही दिसलं नाही. लॅपटॉप घरोघर गेले, मास्तर मात्र आधी होते तसेच राहिले. त्यांना कोणी काही शिकवलं नाही, कोणी काही विचारलंही नाही.

मग आपल्याकडे डिजिटल शाळांची लाट आली. २२ जून २०१५ चा 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय निघाला आणि पुढची तीन-चार वर्षं गावोगाव लोकवर्गणी सुरू झाली. कुणी पाच हजार दिले, कुणी कांद्याच्या पट्टीतले हजार. माजी विद्यार्थ्यांनी प्रोजेक्टर दिले, गणपती मंडळानं टॅबलेट. आणि या सगळ्याच्या बातम्या कोणी केल्या? मी केल्या. 'झेडपीची शाळा झाली डिजिटल' हे शीर्षक मी किती वेळा दिलं असेल याची मोजदाद नाही. फीत कापतानाचा फोटो, मान्यवरांची नावं, संपलं. त्यातल्या एकाही शाळेत मी वर्षभरानंतर परत जाऊन बघितलं नाही की तो प्रोजेक्टर चालतो का. हे आज लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं आहे.

आता जाऊन आलो. भाचीच्या वहीनं डिवचलं म्हणून गेल्या चार दिवसांत दुपारच्या वेळी गाडी काढून काही शाळा फिरलो. कुठल्या ते लिहीत नाही, कारण शिक्षकांनी विश्वासानं दाखवलं. एका ठिकाणी प्रोजेक्टरचा दिवा गेलाय, नवा घ्यायला शाळेच्या अनुदानात बसत नाही. एका ठिकाणी टॅबलेटची बॅटरी फुगून मागचं झाकण उघडलंय. एका ठिकाणी मात्र पडदा, स्पीकर सगळं ठणठणीत, कारण तिथले गुरुजी स्वतःच स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसतात आणि रिचार्ज स्वतःच्या खिशातून मारतात. त्यांची बदली झाली की काय होईल, हे मी त्यांना विचारलं नाही.

आणि वीजबिल. थकबाकीमुळे झेडपी शाळांची वीज तोडल्याच्या बातम्या तुम्ही दरसाल वाचता. म्हणजे गावानं लाखाची वर्गणी करून टीव्ही बसवायचा आणि काही हजारांच्या बिलासाठी त्याच शाळेत अंधार. टीव्ही देणाऱ्याचं नाव भिंतीवर ऑइल पेंटनं लिहितात. बिल भरणाऱ्याचं नाव कोणी लिहीत नाही, म्हणून बिल भरायला कोणी पुढे येत नाही, असं आपलं माझं मत.

तरी जिथं जमलं तिथं काय जमलं, तेही बघावं लागतं. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातला पष्टेपाडा घ्या. संदीप गुंड गुरुजींनी तिथं गावाला सोबत घेऊन डिजिटल शाळा उभी केली आणि राज्यभरातून लोक ती बघायला गेले. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातलं परितेवाडी घ्या. रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडला, पुढे बालभारतीच्या पुस्तकांवर तो आला. ३ डिसेंबर २०२० ला त्यांना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. सोलापूर शहरातच नीलमनगरच्या आशा मराठी विद्यालयानं लॉकडाऊनमध्ये वेगळंच केलं. विडी कामगार आणि कापड कारखान्यात काम करणाऱ्यांची ती वस्ती, घरोघर स्मार्टफोन कुठून असणार? त्यांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवले. पोरं भिंतीसमोर अंतर ठेवून उभी राहायची आणि वाचायची.

मला विचाराल तर या तिन्हीत सगळ्यात हुशारीचं तंत्रज्ञान ती भिंत होती. आपल्या पोरांकडे काय नाही, हे तिथल्या शिक्षकांनी आधी बघितलं होतं.

आता क्यूआर कोडचंच बघा. प्रत्येक पुस्तकावर आहे. ५ सप्टेंबर २०१७ पासून देशभर दीक्षा ॲप आहे. तुमच्या पोराच्या पुस्तकावरचा कोड तुम्ही कधी स्कॅन केलाय का? मी केला नव्हता. परवा केला, व्हिडिओ चांगला निघाला. 'असर'चा २०२४ चा अहवाल सांगतो की ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो ५७ टक्क्यांनी वापरला होता, आणि ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. त्याच अहवालात सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्केच दुसरीचा उतारा वाचू शकत होते. फोन हाताळायला आपली पोरं कोणी न शिकवता शिकली. वाचायला तसं कोणी आपोआप शिकत नाही. त्याला शेजारी बसणारं माणूस लागतं.

इथं येऊन भाचीनं वही उघडली.

तिची इंटर्नशिप सध्या आपल्याच तालुक्यातल्या वस्तीवरच्या एका दोन शिक्षकी शाळेत चालू आहे. तिनं वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून दोन रकाने केलेत. डावीकडे 'शिकवायला', उजवीकडे 'पाठवायला'. शाळेत मोबाइल किंवा कॉम्प्युटर हातात घेतला की तो कशासाठी, ते रोज लिहायचं. डावा रकाना अर्धं पानसुद्धा भरला नाही. एकदा कवितेची चाल ऐकवली, एकदा ज्वालामुखीचा व्हिडिओ, एकदा एका पोरानं विचारलं म्हणून व्हेल मासा. उजवा रकाना तिसऱ्या पानावर गेलाय. पोषण आहाराची रोजची माहिती. ऑनलाइन हजेरी. यू-डायसमध्ये दुरुस्ती. आधार जुळत नाही, परत भरा. झाड लावलं, फोटो पाठवा. शपथ घेतली, फोटो पाठवा. लिंक आलीय, पाच वाजेपर्यंत भरा. लिंक उघडत नाही, तरी पाच वाजेपर्यंतच भरा.

ती म्हणाली, "मामा, सर वाईट शिकवत नाहीत. छान शिकवतात. पण धडा रंगात आला की फोन वाजतो आणि ते बाहेर जातात रेंज शोधायला. पोरं तोवर माझ्याकडे बघत बसतात."

वर्गात तंत्रज्ञान वापरावं का, यावर आपण निबंध लिहून घेतोय आणि वर्गात ते रोज वापरलं जातंय. फक्त ते पोरांसाठी नाही, वरच्या ऑफिससाठी आहे. शिक्षकांच्या संघटना अशैक्षणिक कामांबद्दल ओरडतात तेव्हा आपल्याला वाटतं, यांना काम नको. मलाही वाटायचं. ती वही बघितल्यावर वाटेनासं झालं. ज्या मुलीला अजून नोकरी लागायची आहे, टीईटी, टेट, पवित्र पोर्टल हे सगळं पार करून तीन वर्षं महिना १६,००० रुपयांवर शिक्षणसेवक म्हणून राबायचं आहे, तिला आपण आत्ताच शिकवतोय की फोटो आला म्हणजे काम झालं.

स्वीडनसारख्या देशानं, जिथं प्रत्येक पोरासमोर स्क्रीन होती, २०२३ मध्ये छापील पुस्तकांसाठी पुन्हा पैसे द्यायला सुरुवात केली. भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "त्यांच्याकडं जास्त झालं म्हणून ते मागं फिरले. आमच्याकडं अजून पोचलंच नाही. मला दोन्ही पाहिजे." बरोबर आहे तिचं.

मग तिनं वहीचं शेवटचं पान दाखवलं, आणि ही पोस्ट खरं तर त्या पानासाठी लिहितोय.

त्या पानावर पोरांची यादी होती. तिच्या वर्गातली जी पोरं दसऱ्यानंतर आईबापासोबत ऊसतोडीला जाणार, त्यांची. पाथर्डी तालुक्यात हे कोणाला समजावून सांगायची गरज नाही. मोहट्याची यात्रा आटोपली की ट्रक भरतात, उचल घेतलेली असते, कोयते निघतात. कारखाना पश्चिम महाराष्ट्रातला असो नाही तर कर्नाटकातला, पोरं कोपीत राहतात, धाकट्याला सांभाळतात, पाणी आणतात. मढीच्या यात्रेच्या सुमारास कधीतरी परत येतात. तोवर जोडाक्षरं पुसलेली असतात. तिच्या शाळेतल्या सरांनी तिला सांगितलं की गेल्या वर्षी एक पोरगा परत आला तेव्हा स्वतःचं आडनाव वाचताना अडखळत होता. जाताना तो गोष्ट वाचत होता.

तिचा बेत साधा आहे. ॲप नाही, लॉगिन नाही. यादीतल्या प्रत्येक घरातल्या एका फोनवर ती रोज संध्याकाळी पुस्तकातलं एक पान स्वतःच्या आवाजात वाचून पाठवणार, दोन-तीन मिनिटांचं. पोरगं ऐकेल, पुस्तकात बोट ठेवून वाचेल आणि स्वतःचा आवाज परत पाठवेल. ती ऐकून उत्तर देणार. पुस्तकं पोरांनी सोबत न्यायची, हे तिनं आत्ताच घरोघर सांगून ठेवलंय. शिक्षण हमी कार्ड मिळालंय का, तेही ती विचारतेय.

मी मोडता घातला. म्हटलं, बाई, पहाटे फडात गेलेली आई दिवस मावळल्यावर मोळ्या वाहून येते, भाकरी थापते. फोन बापाच्या खिशात. चार्जिंग ट्रॅक्टरच्या बॅटरीवर. तुझं पान कधी ऐकणार? आणि दुसरं, ते जास्त महत्त्वाचं. उद्या कोणी साहेब म्हणेल, पोरं फोनवर शिकतायत की, मग वसतिगृह कशाला? २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर झाली, ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं. पोरांना गावातच ठेवून शिकवायचं, त्याचा खरा मार्ग तो. तुझ्या फोननं सरकारला पळवाट मिळायची.

ती जरा गप्प बसली. मग म्हणाली, "मामा, वसतिगृह पाहिजेच. पण पहिली-दुसरीचं लेकरू आई मागं ठेवत नाही. ते जाणारच. मग जाणाऱ्याला काय द्यायचं तुम्ही सांगा." आणि पुढे म्हणाली, "वीस पोरांतल्या पाच पोरांनी जरी आवाज पाठवला, तरी मला कळेल की ती कुठंयत."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. पळवाटेची भीती मला अजूनही वाटते. पण तिचा फोन डाव्या रकान्यात जाणार, एवढं मात्र दिसतं.

तर दोन कामं आहेत.

एक, ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आपापल्या गावच्या शाळेच्या वीजबिलाचा विषय काढा. थकबाकी किती, वर्षाचं बिल किती, आणि ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात त्यासाठी रक्कम धरता येते का, एवढंच विचारा. ठराव लिहून घ्या. मी आमच्याकडे विचारणार आहे, आणि यावेळी बातमी फीत कापल्याची नाही, बिल भरल्याची करणार आहे. सहा महिन्यांनी परत जाऊन बघेनही.

दुसरं, मुकादम मंडळींपैकी बरेच जण ही पोस्ट वाचतात हे मला माहीत आहे, कारण उसाच्या दरावर लिहिलं की तुम्हीच सगळ्यात आधी भांडायला येता. तुमची टोळी यंदा कुठल्या कारखान्याला चाललीय आणि तिच्यात सहा ते दहा वयाची पोरं किती, एवढं मला मेसेज करा. कोपीवर एका जास्तीच्या फोनची आणि चार्जिंगची सोय तुमच्याकडून होत असेल तर तेही कळवा. दसऱ्याच्या आत. भाचीच्या यादीतल्या तीन घरांचा नंबर अजून लागत नाही, ती माणसं पुढच्या आठवड्यात बैल घेऊन निघणार आहेत म्हणे.